एलोदी क्लूवेल आणि मॉडर्न पेंटॅथलॉन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मॉडर्न पेंटॅथलॉन आपल्याकडे ऑलिम्पिकच्या शेवटच्या दिवसांत टीव्हीवर ओझरता दिसतो आणि पुढची चार वर्षं कोणाला आठवत नाही. त्यामुळे या खेळातल्या मोठ्या खेळाडूंची नावंही मराठी वाचकापर्यंत फारशी पोहोचत नाहीत. फ्रान्सची एलोदी क्लूवेल हे त्यातलं एक नाव. रिओ 2016 आणि पॅरिस 2024 अशी तिची दोन ऑलिम्पिक रौप्यपदकं आहेत, आणि त्यांच्यामध्ये आठ वर्षांचं अंतर आहे. तिच्याबद्दल आणि तिच्या खेळाबद्दल जे प्रश्न हमखास विचारले जातात, त्यांची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत.

एलोदी क्लूवेल मूळची कुठली?

मध्य-पूर्व फ्रान्समधल्या सेंत-एतिएन शहराच्या परिसरातली. जन्म 14 जानेवारी 1989 चा. आई-वडील दोघंही लांब पल्ल्याचे धावपटू, त्यामुळे धावणं घरातच होतं. तरी तिने आधी निवडलं ते पोहणं. पेंटॅथलॉनमध्ये ती नंतर आली, आणि हा क्रम लक्षात ठेवण्यासारखा आहे, कारण तिच्या पुढच्या वाटचालीवर त्याची छाप आहे.

पेंटॅथलॉन म्हणजे नक्की कोणते पाच खेळ?

तलवारबाजी, पोहणं, घोडेस्वारी, नेमबाजी आणि धावणं. क्लूवेलच्या संपूर्ण ऑलिम्पिक कारकिर्दीत हेच पाच होते. पॅरिस 2024 नंतर घोडेस्वारी गेली, त्याबद्दल पुढे येईलच.

तलवारबाजी एपे या प्रकारात होते. पूर्ण शरीर हे लक्ष्य, आणि लढत फक्त एका स्पर्शाची. नेहमीच्या तलवारबाजीत पंधरा स्पर्शांपर्यंत चालणाऱ्या लढतीत सुरुवातीची चूक नंतर भरून काढता येते. इथे मिनिटभराच्या लढतीत पहिला स्पर्श ज्याचा, त्याचा विजय. दोघांनी एकाच वेळी स्पर्श केला तर तो मोजत नाहीत, आणि वेळ संपेपर्यंत कोणालाच स्पर्श जमला नाही तर दोघांच्याही नावावर हार लागते. क्रमवारी फेरीत प्रत्येकीला प्रत्येकीशी लढावं लागतं. 36 खेळाडू असतील तर 35 लढती, आणि प्रत्येक लढतीत समोर वेगळ्या उंचीची, वेगळ्या सवयींची प्रतिस्पर्धी. डोकं शांत ठेवण्याची एवढी मोठी परीक्षा दुसऱ्या कुठल्या खेळात असेल असं मला वाटत नाही.

पोहणं 200 मीटर फ्रीस्टाइल. घोडेस्वारीत अडथळ्यांवरून उड्या मारायच्या, पण घोडा स्वतःचा नसायचा. आयोजकांनी आणलेल्या घोड्यांमधून चिठ्ठी टाकून तो ठरायचा आणि ओळख करून घ्यायला मिळायची जेमतेम वीस मिनिटं. शेवटी लेझर रन, म्हणजे धावणं आणि नेमबाजी एकत्र. धावत यायचं, दहा मीटरवरच्या लक्ष्यावर लेझर पिस्तुलाने पाच अचूक नेम साधायचे, पुन्हा पळायचं. पाच नेम पूर्ण होईपर्यंत किंवा पन्नास सेकंद संपेपर्यंत तिथून हलता येत नाही. छाती धपापत असताना हात स्थिर ठेवायचा असतो.

गुणांचा हिशेब कसा असतो? सामान्य प्रेक्षकाला काही कळत नाही.

सगळी आकडेमोड समजून घ्यायची गरज नाही. एक गोष्ट कळली की पुरे: लेझर रनमध्ये एक गुण म्हणजे एक सेकंद.

पहिल्या तीन प्रकारांतले गुण एकत्र केले जातात. ज्याचे सर्वाधिक, तो लेझर रनला सगळ्यात आधी निघतो. दुसरा त्याच्यापेक्षा दहा गुणांनी मागे असेल तर दहा सेकंदांनी निघतो. त्यामुळे शेवटी रेषा जो आधी ओलांडेल तोच विजेता. प्रेक्षकाला कॅल्क्युलेटर लागत नाही, पुढे कोण आणि मागे कोण ते डोळ्यांना दिसतं. घोडेस्वारीत 300 गुणांपासून सुरुवात व्हायची आणि एक दांडा पाडला की सात गुण वजा व्हायचे. म्हणजे घोड्याचा एक खूर दांड्याला लागला की शेवटच्या शर्यतीत सात सेकंद उशिरा निघायचं. क्लूवेलच्या दोन्ही पदकांचं गणित असंच सेकंदांत वाचता येतं. पुढे तसंच वाचू.

पोहणारी मुलगी पेंटॅथलॉनमध्ये कशी आली?

2008 च्या बीजिंग ऑलिम्पिकसाठी पोहण्यात पात्र ठरण्याचं तिचं स्वप्न होतं. ते जमलं नाही, आणि त्याच सुमाराला ती पेंटॅथलॉनकडे वळली. तेव्हा ती एकोणीस वर्षांची होती.

पोहणाऱ्यांना या खेळात ओढून आणण्यामागे एक व्यावहारिक विचार असतो. पाण्यातलं तंत्र लहानपणीच अंगात मुरावं लागतं, वयात आल्यावर शिकलेल्याला लहानपणापासून पोहणाऱ्याची बरोबरी करणं फार जड जातं. नेमबाजी आणि तलवारबाजी त्यामानाने उशिरा हाती घेता येते, निदान तशी आशा तरी असते. क्लूवेलकडे पोहणं तयार होतं, धावणं घरातून आलेलं होतं. तलवार, पिस्तूल आणि घोडा मात्र अशा वयात शिकायचे होते, ज्या वयात इतर खेळांतल्या मुली राष्ट्रीय संघात स्थिरावलेल्या असतात.

मग चारच वर्षांत ती ऑलिम्पिकला गेली?

हो, लंडन 2012 ला. वय 23. छत्तीस जणींमध्ये ती 31 वी आली.

पदकांच्या यादीत हा आकडा दिसत नाही, म्हणून बहुतेक लेखांत तो एका ओळीत उरकतात. मला तो महत्त्वाचा वाटतो. त्या दिवशी लिथुआनियाच्या लाउरा असादाउस्काइतेने सुवर्ण जिंकलं आणि क्लूवेल जवळपास तळाला होती. आज महिला पेंटॅथलॉनच्या इतिहासात दोन वैयक्तिक ऑलिम्पिक पदकं असलेल्या फक्त दोघी आहेत. एक असादाउस्काइते, दुसरी क्लूवेल.

रिओमध्ये नेमकं काय घडलं?

19 ऑगस्ट 2016, देओदोरोचं मैदान. लेझर रन सुरू होताना पोलंडची ओक्ताविया नोवात्स्का सगळ्यांच्या पुढे होती. ऑस्ट्रेलियाची क्लोई एस्पोसितो सातव्या स्थानावर, नोवात्स्कापेक्षा 45 सेकंदांनी मागे. पाऊण मिनिटाची आघाडी कोणी मोडेल असं कोणालाच वाटलं नसतं. पण एस्पोसितोने नेमबाजीत आणि पळण्यात असा काही झपाटा लावला की एकेकीला मागे टाकत ती पुढे आली आणि सुवर्ण घेऊन गेली. तिचे 1372 गुण तेव्हाचा ऑलिम्पिक विक्रम होता.

या पाठलागाच्या गोष्टीत क्लूवेलची शर्यत झाकोळली जाते. तिचे गुण 1356, नोवात्स्काचे 1349. सेकंदांत सांगायचं तर एस्पोसितोपासून सोळा सेकंद मागे आणि नोवात्स्काच्या सात सेकंद पुढे. नेमबाजीच्या चार फेऱ्यांत मिळून दोन-तीन नेम जरी चुकले असते तरी हे सात सेकंद गेले असते. मागून येणारी ऑस्ट्रेलियन आपल्याला ओलांडून जाताना दिसत असताना पिस्तुलावरचा हात ढळू न देणं, हे तिने त्या दिवशी साधलं.

लंडनमध्ये 31 वी, रिओमध्ये दुसरी. मधली चार वर्षं तिने कुठे घातली, हे यातून कळतं.

हे फ्रान्सचं पेंटॅथलॉनमधलं पहिलंच पदक होतं का?

पहिलं वैयक्तिक पदक. सांघिक पदकं आधी दोन होती.

हा खेळ ऑलिम्पिकमध्ये आणला तोच मुळी एका फ्रेंच माणसाने. आधुनिक ऑलिम्पिकचे जनक पिएर द कुबर्तां यांच्या आग्रहाने 1912 च्या स्टॉकहोम स्पर्धेत तो सुरू झाला. शत्रूच्या हद्दीत सापडलेल्या घोडदळाच्या अधिकाऱ्याला जे जे यायला हवं, ते यात यावं अशी कल्पना. स्टॉकहोमला पहिले चारही क्रमांक स्वीडनने घेतले. पाचवा आला अमेरिकेचा जॉर्ज पॅटन, जो पुढे दुसऱ्या महायुद्धात सेनापती म्हणून गाजला. त्यानंतर स्वीडन, हंगेरी, सोव्हिएत संघ यांनी हा खेळ गाजवला आणि फ्रान्स मागेच राहिला.

1968 च्या मेक्सिको ऑलिम्पिकमध्ये फ्रान्सला सांघिक कांस्य मिळालं ते एका विचित्र वळणाने. कांस्य आधी स्वीडनचं होतं. पण त्यांच्या हान्स-गुन्नार लिलयेनवालच्या तपासणीत मद्याचा अंश सापडला आणि संघ बाद झाला. ऑलिम्पिकच्या इतिहासात उत्तेजक तपासणीतून बाद झालेला तो पहिला खेळाडू. त्याची जागा फ्रान्सला मिळाली. 1984 ला लॉस एंजलिसमध्ये दिदिए बूब, जोएल बुझू आणि पॉल फूर यांनी पुन्हा सांघिक कांस्य आणलं.

म्हणजे स्टॉकहोमपासून मोजलं तर कुबर्तांच्या देशाला वैयक्तिक पदकासाठी 104 वर्षं थांबावं लागलं. ते आणलं क्लूवेलने. आणि 2024 पर्यंतचं दुसरं वैयक्तिक पदकही तिचंच आहे.

टोकियोला ती अपयशी ठरली का?

सहावी आली. वर्ष 2021, वय 32. अपयश हा शब्द मी वापरणार नाही, पण रौप्यपदक जिंकून आलेल्या खेळाडूला सहावा क्रमांक जिव्हारी लागतोच. सुवर्ण ब्रिटनच्या केट फ्रेंचने घेतलं, रौप्य असादाउस्काइतेने, कांस्य हंगेरीच्या शारोल्ता कोवाचने.

ती स्पर्धा जगाला आठवते ती मात्र वेगळ्याच कारणाने. जर्मनीची आनिका श्लॉय पोहणं आणि तलवारबाजीनंतर आघाडीवर होती. तिच्या वाट्याला सेंट बॉय नावाचा घोडा आला, ज्याने त्याच दिवशी आधीच्या स्वारालाही दाद दिली नव्हती. श्लॉय घोड्यावर बसून रडते आहे, घोडा हलायला तयार नाही, हे दृश्य जगभर गेलं. तिच्या प्रशिक्षिकेने घोड्याला ठोसा मारल्याचंही कॅमेऱ्यात दिसलं आणि त्या प्रशिक्षिकेला स्पर्धेतून बाहेर काढण्यात आलं. श्लॉय 31 वी आली. घोड्याचे हाल झाले आणि खेळाडूची पाच वर्षांची मेहनतही वाया गेली. दोन्हींचं दुःख करावं असाच तो दिवस होता.

घोडेस्वारी याच प्रकरणामुळे काढली का?

तात्कालिक कारण तेच. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरमध्ये आंतरराष्ट्रीय महासंघाने घोडेस्वारी वगळायचं ठरवलं आणि पुढच्या वर्षी तिच्या जागी अडथळा शर्यत आणली: भिंती चढणं, कड्यांना लोंबकळत पुढे जाणं, तोल सांभाळत धावणं. खर्च हाही मुद्दा होताच. घोडे पोसणं आणि घोडेस्वारीचं मैदान राखणं ज्या देशांना परवडत नाही, त्यांना हा खेळ परकाच राहिला होता.

अनेक खेळाडूंनी या निर्णयाला विरोध केला. मला व्यक्तिशः दोन्ही बाजू पटतात. अनोळखी प्राण्याचा विश्वास वीस मिनिटांत मिळवणं ही या खेळातली सगळ्यात सुंदर गोष्ट होती. पण तो विश्वास मिळाला नाही तर काय होतं, तेही टोकियोने दाखवलं.

पॅरिस 2024 बद्दल सविस्तर सांगा.

इथे थोडं रेंगाळायलाच हवं.

आधी स्पर्धेची रचना. पूर्वी हा खेळ दिवसाला एक प्रकार अशा पद्धतीने कित्येक दिवस चालायचा. 1996 पासून तो एका दिवसात आला. पॅरिसला अंतिम फेरी दीड तासात बसवली. त्याआधी 8 ऑगस्टला तलवारबाजीची क्रमवारी फेरी, मग उपांत्य फेरी. 36 जणींपैकी 18 जणी अंतिम फेरीत. पूर्वी दोन प्रकारांच्या मध्ये दमायला, खायला, विचार करायला वेळ असायचा. पॅरिसला मात्र घोड्यावरून उतरायचं, तलवार घ्यायची, पाण्यात उतरायचं, अंग पुसेपर्यंत पिस्तूल हातात. लेझर रनही बदलला होता: रिओला 800 मीटरच्या चार फेऱ्या होत्या, इथे 600 मीटरच्या पाच. पस्तिशीतल्या खेळाडूला हा वेग मानवेल का, ही शंका रास्त होती.

11 ऑगस्ट, ऑलिम्पिकचा शेवटचा दिवस. स्थळ व्हर्सायच्या राजवाड्याचं उद्यान, तिथे उभारलेलं तात्पुरतं मैदान आणि तात्पुरता जलतरण तलाव. घोडेस्वारी, तलवारबाजी, पोहणं, पळणं, सगळं एकाच प्रेक्षागारासमोर. गर्दी अर्थातच फ्रेंच, आणि त्या गर्दीचं प्रेम जितकं बळ देतं तितकंच ओझंही टाकतं.

हंगेरीच्या मिशेल गुयाशने 1461 गुणांचा विश्वविक्रम करत सुवर्ण जिंकलं. क्लूवेल 1452. दक्षिण कोरियाची सेओंग सेउंग-मिन 1441. म्हणजे सुवर्णापासून नऊ सेकंद दूर, कांस्यापासून अकरा सेकंद पुढे. दीड तासाच्या स्पर्धेनंतर नऊ सेकंद. रिओला हेच अंतर सोळा सेकंदांचं होतं.

महिलांची ही अंतिम फेरी पुरुषांच्या नंतर झाली. त्यामुळे ऑलिम्पिक पेंटॅथलॉनमधल्या घोडेस्वारीचा 112 वर्षांचा प्रवास संपला तो याच फेरीत.

दोनपैकी कुठलं पदक मोठं?

पॅरिसचं, असं माझं स्पष्ट मत आहे. रिओच्या वेळी ती 27 वर्षांची होती, म्हणजे या खेळातल्या ऐन उमेदीच्या वयाची. पॅरिसला 35 वर्षांची. मधल्या काळात तिच्या पिढीतल्या अनेकजणी निवृत्त झाल्या, स्पर्धेची रचना बदलली, पळण्याचं अंतर बदललं आणि घरच्या प्रेक्षकांची अपेक्षा वाढली. टोकियोच्या सहाव्या क्रमांकानंतर थांबली असती तरी कोणी नाव ठेवलं नसतं.

रिओची बाजू घेणारे म्हणतात की पहिलं ते पहिलं, शतकभराची कोंडी फोडली ती रिओने. त्यातही तथ्य आहे.

ऑलिम्पिक सुवर्ण नाही, मग तिला एवढी मोठी का मानायची?

हा प्रश्न जरा रागानेच विचारला जातो, आणि त्यामागे आपली पदकतालिकेची सवय आहे. पेंटॅथलॉनमध्ये चिठ्ठीने मिळणारा घोडा आणि एका स्पर्शाची लढत यामुळे सलग दोन ऑलिम्पिकला वरच्या क्रमांकावर राहणंच दुर्मीळ होतं. 2000 मध्ये सिडनीला महिलांची स्पर्धा सुरू झाली, तिथे ब्रिटनची स्टेफनी कुक जिंकली. तेव्हापासून पॅरिसपर्यंत सात ऑलिम्पिक झाली आणि सात वेगवेगळ्या सुवर्णविजेत्या मिळाल्या. कोणालाही सुवर्ण राखता आलेलं नाही. अशा खेळात आठ वर्षांच्या अंतराने दोनदा दुसरं येणं म्हणजे काय, ते या आकड्यांवरून कळावं.

फ्रान्सची सर्वश्रेष्ठ पेंटॅथलॉनपटू ती की आमेली काझे?

काझेने 2007, 2008 आणि 2010 अशी तीनदा वैयक्तिक जागतिक अजिंक्यपद मिळवलं. ऑलिम्पिक पदक मात्र तिच्या हाती लागलं नाही. जागतिक स्पर्धेचा निकष लावला तर काझे, ऑलिम्पिकचा लावला तर क्लूवेल. पुरुषांमध्ये जोएल बुझू 1987 चा जगज्जेता, आणि नंतर व्हालांतां बलो दोनदा, 2016 आणि 2019 मध्ये.

बलो म्हणजे तिचा जोडीदारच ना?

हो. दोघंही एकाच खेळातले. खासगी आयुष्याबद्दल याहून जास्त लिहायचं कारण नाही.

या खेळात पैसा नाही, मग उदरनिर्वाह कसा?

क्लूवेल फ्रान्सच्या जांदार्मरीत आहे. हे लष्करी दर्जाचं पोलीस दल, आणि फ्रान्सचं संरक्षण खातं निवडक खेळाडूंना अशा दलांत सामावून घेऊन सरावाची मोकळीक देतं. जाहिराती आणि बक्षिसांवर जगता येत नाही अशा खेळांना याचा फार मोठा आधार असतो.

2028 ला हा खेळ कसा दिसेल?

लॉस एंजलिसला तलवारबाजी, अडथळा शर्यत, पोहणं आणि लेझर रन. पोहण्यातून आलेल्यांचा फायदा टिकेल. जिम्नॅस्टिक्स किंवा गिर्यारोहणाची पार्श्वभूमी असलेले नवे खेळाडू येण्याची शक्यताही बरीच आहे.

महाराष्ट्रात किंवा गोव्यात हा खेळ आहे का?

आहे. 2023 च्या गोव्यातल्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेत मॉडर्न पेंटॅथलॉनचा समावेश होता. त्याच वर्षी हांगझोउच्या आशियाई स्पर्धेत महाराष्ट्राचा मयंक चाफेकर या खेळात भारताकडून उतरला. आपल्याकडे सुरुवात बहुतेक लेझर रनपासून किंवा पोहणं आणि धावणं एकत्र असलेल्या प्रकारांपासून होते, कारण त्याला घोडा लागत नाही. घोडेस्वारी गेल्यामुळे पूर्ण पेंटॅथलॉनही आता आवाक्यात येऊ शकतं. ज्यांची मुलं शालेय स्तरावर चांगली पोहतात पण जलतरणात राष्ट्रीय संघापर्यंत जाण्याइतकी वेगवान नाहीत, त्यांनी या खेळाची चौकशी जरूर करावी. क्लूवेलही बीजिंगचं तिकीट हुकल्यावरच इकडे आली होती.

तिची एकच शर्यत बघायची असेल तर कुठली?

पॅरिसची अंतिम फेरी, पूर्ण दीड तास. वेळ कमी असेल तर फक्त लेझर रन बघा, पण बघताना सुवर्णाकडे धावणाऱ्या गुयाशवर नजर खिळवू नका. नेमबाजीच्या प्रत्येक थांब्यावर क्लूवेल किती वेळ घेते आणि तिच्या मागची कोरियन किती, तेवढं मोजत राहा. अकरा सेकंदांचा हिशेब तिथेच लागतो.